हौद्यावरचं झाकण

विनेशने पिकअपच्या हौद्यावर फायबरचं झाकण बसवून आणलं, तेव्हा सत्यवतीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. एकदाच पुरे होतं. बंदरावर होड्यांना फायबर मारणाऱ्या हर्षदकडून त्याने ते करून घेतलं होतं. पांढरंफेक, गुळगुळीत, मागे कुलूप, आणि दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत स्वतःचं नाव, म्हणजे मासळी कुणाची हे रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही कळावं. निम्मा कोळीवाडा गाडीभोवती जमला होता आणि विनेश झाकणावरून हात फिरवत उभा होता. एवढ्या मायेने याने जिवंत बापाच्या पाठीवरून कधी हात फिरवला नाही, असं सत्यवतीच्या मनात आलं. मनात आलेलं मनातच ठेवायची तिला सवय नसल्यामुळे ती तसं बोललीही.

विनेश हा तिच्या धाकट्या दिराचा, रामाचा, मुलगा. रामाला जाऊन दोन वर्षं झाली होती. बंदरावर मासळी घ्यायची आणि अलिबागच्या बाजारात पोचवायची हा त्याचा धंदा, ती पिकअप आणि पिकअपवरचा ड्रायव्हर सदा, असं सगळं तयार ताट विनेशच्या पुढ्यात आलं होतं. ताटावर आयता बसलेला माणूस स्वयंपाकाच्या जशा चुका काढतो तशा तो बापाच्या धंद्यातल्या चुका काढायचा.

"काकी, ऐकून तर घे," तो म्हणाला. "आतापर्यंत काय व्हायचं, टपावरून आलेली हवा हौद्यात पडायची आणि मागच्या फाळक्यावर आपटायची. गाडीला मागे खेचायची. तेवढं डिझेल फुकट. एअर ड्रॅग बोलतात त्याला. आता हवा झाकणावरून सरळ निघून जाणार."

ही अक्कल त्याला मांडव्याच्या जेट्टीवर मिळाली होती. तिथे पियूष नावाचा एक बंगलेवाला दर शनिवारी बोटीने यायचा. त्याची टोलेजंग पिकअप जेट्टीबाहेर उभी असायची, तिच्या हौद्यात आजवर कोळंबीचं एक सालपट पडलं नव्हतं, आणि त्या हौद्यावर असंच झाकण होतं. मोठ्या रस्त्यावर शंभर-एकशेदहाने गेलं की या झाकणाने डिझेल वाचतं, असं पियूषने त्याला सांगितलं. विनेशची पिकअप बंदरापासून अलिबागपर्यंत खड्डे मोजत जायची, पण ऐकताना त्याने शंभरचा आकडा गाळला आणि डिझेल तेवढं लक्षात ठेवलं.

"आनि आमी कुठं बसायचं?" सत्यवतीने विचारलं.

आमी म्हणजे कोळीवाड्यातल्या सात जणी. रोज पहाटे आपापल्या पाट्या घेऊन त्या याच हौद्यात बसायच्या आणि अलिबागच्या बाजारात उतरायच्या.

"तेच तर सांगतोय ना," विनेश म्हणाला. "तुमची सात डोकी टपाच्या बरोबरीला येतात. हवा पहिली तुमच्यावर आपटते. मेन प्रॉब्लेम तोच हाय. मागचे आठ दिवस मी डिझेल मोजलंय, तुम्हाला बसवून. आता आठ दिवस ट्रायल घेणार, झाकण लावून. फरक पडला तर मग कायमचं."

"आठ दिस?" त्यांतली नीराबाई म्हणाली. सातही जणींनी त्याच्या बोलण्यातलं तेवढंच ऐकलं होतं.

अलिबागच्या त्या बाजारात ओट्यांचा एक दस्तूर होता. कागदावर कुठे नव्हता, बायकांनी बायकांतच ठरवलेला आणि पाळलेला. मासळी घेऊन बसलं तरच बसलं म्हणायचं, आणि ओटा आठ दिवस तसा रिकामा राहिला, तर जागेची वाट बघत बाहेर बसलेली पुढची बाई त्यावर आपली पाटी ठेवायची. एकदा पाटी ठेवली की ओटा तिचा. आजारपण, बाळंतपण आणि मयत यांना सूट होती. पुतण्याच्या शहाणपणाला नव्हती. सत्यवतीचा ओटा दारातून शिरताना दुसरा होता. सासूने तो तिच्या हवाली केला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि तो गेला तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला बाहेर गटाराच्या कडेला पाटी घेऊन बसावं लागलं असतं.

मालाच्या गाडीत माणसं बसवायची परवानगी नसते, पोलीस अडवतात, असं काही विनेशने सांगितलं असतं, तर ती गुमान घरी गेली असती. ते खरं होतं आणि खऱ्यापुढे ती सहसा हुज्जत घालत नसे. पण या पोराने तिला वाऱ्यातला अडथळा ठरवलं होतं.

"माझा बाप शिडाच्या होडीवर तांडेल व्हता," ती म्हणाली. "वारा कापायचा तर होडीच्या तोंडाला नाळ लागते, निमुळती. तुझ्या गाडीचं थोबाड कपाटावानी सपाट, आनि तू झाकन लावलंस ते ढुंगनाला."

लोक हसले. विनेशही हसला, लहान मुलाच्या बोलण्याला हसतात तसा. "काकी, हे सायन्स हाय. तुला नाय समजणार ते. तू मासळी वीक."

झालं. यानंतर त्याला काही सांगायचं नाही, हे सत्यवतीने तिथेच ठरवून टाकलं. आणि सांगण्यासारखं एक वाक्य तिच्यापाशी होतं.

पहाटे होड्या बंदराला लागल्या की मासळी जाळ्यातून निघेल तशी क्रेटमध्ये पडायची. कोळंबी, मांदेली, बोंबील, ढोमे, मध्येच जिवंत चिंबोऱ्या, आणि सगळ्यावर चिखल. सदा आणि दोन गडी ते क्रेट गाडीत चढवायचे. मग सात जणी चढायच्या, आणि बंदर सुटल्यापासून अलिबाग येईपर्यंत तासभर त्यांचे चौदा हात त्या क्रेटांत चालायचे. गाडी खड्ड्यांत आपटत असायची, तोंडाने गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या चालू असायच्या आणि बोटं आपली अंधुक उजेडात चाचपून माल वेगळा करायची. मोठी कोळंबी एकीकडे, बारीक दुसरीकडे, बोंबील वर, चिंबोऱ्या नांग्या बांधून कोपऱ्यात, आणि सगळ्यावर बर्फ. गाडी बाजारात लागे तेव्हा हॉटेलवाल्यांनी उचलून न्यावा असा निवडलेला माल तयार असायचा. त्याच्या बदल्यात बायकांना भाडं नव्हतं. ओटा हाती आला त्याच वर्षी हा व्यवहार सत्यवतीनेच रामाशी केला होता, सातही जणींच्या वतीने.

रामाने तो मुलाला कधी सांगितला नाही, कारण बायका मासळी निवडतात हे सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटलंच नसेल. आणि विनेश बंदरावर पहाटे कधी आला नाही. तो सावकाश उठायचा, मोटारसायकलने थेट बाजार गाठायचा, चहा घ्यायचा, आणि गाडीतून उतरणारा निवडलेला माल बघून समजायचा की मासळी समुद्रातूनच अशी निवडून येते.

"सांग ना गो त्याला," त्या संध्याकाळी नीराबाई म्हणाली. "एका बोलाचं काम हाय."

"कोनी सांगायचं न्हाय," सत्यवती म्हणाली. "ज्याला सोताचा धंदा कसा चालतो ते ठाव न्हाय, त्याला मी शिकवायचं? मला सायन्स समजत न्हाय ना? मंग त्याला त्याचं सायन्सच सांगंल."

"आनि ओटे?"

"आठ दिस लागायचेच न्हाईत. चवथ्या दिशी पायाशी येतोय का न्हाय बघ."

नीराबाई विधवा होती, घरात दोन नातवंडं होती, आणि आज विकलं तर उद्या चूल पेटेल असा तिचा संसार होता. पण सत्यवती बोलली की बाकीच्या सहा जणींनी मान हलवायची, ही रीत पडून गेली होती. सदालाही सत्यवतीने दटावलं. सदा पहिल्यापासून त्या घराची गाडी चालवत होता. "बरं वैनी," एवढं म्हणून तो निघून गेला. त्याला विनेशचं झाकण आणि वैनीचं तोंड, दोन्हींच्या मध्ये पडायची इच्छा नव्हती.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बायकांनी अलिबागला जायचं बघितलं, पण बसवाले आणि सहा आसनी रिक्षावाले गळत्या पाट्या घेत नव्हते, आणि एखाद्या रिक्षावाल्याने घेतल्या तरी पहिली रिक्षा भरून सुटेपर्यंत बाजार अर्धा उठलेला असायचा. मग त्या बंगल्यांच्या दारोदार फिरल्या. फाटकावरचा रखवालदार वहीत नाव लिहायला लावायचा, आतला स्वयंपाकी बोंबील हातात धरून ताजा आहे का असं विचारायचा, आणि मालकीण वरच्या गच्चीवरून वास येतो म्हणून ओरडायची. ज्या बाईच्या ओट्यासमोर अलिबागचे वकील पिशवी धरून गुमान उभे राहतात, तिने हे सगळं ऐकून घेतलं. घेतलं म्हणजे काय, एका स्वयंपाक्याला तिने मांदेली आणि बोंबील यांतला फरक विचारला आणि तो चुकल्यावर मासळी न विकताच परत आली. त्या दिवशी तिची पाटी निम्मी तशीच राहिली.

रोज संध्याकाळी सदा बाजारातली खबर आणायचा. पहिल्या दिवशी प्रणय नावाच्या हॉटेलवाल्याने नेहमीप्रमाणे क्रेटमध्ये हात घातला आणि चिंबोरीने त्याचं बोट धरलं. दुसऱ्या दिवशी कोळंबी ढोम्यांखाली चेपून काळी पडलेली निघाली. तिसऱ्या दिवशी विनेशने सदाला सगळ्यांदेखत झापलं, की बंदरावर माल निवडून का भरत नाहीस. चौथ्या दिवशी सदाने गड्यांना निवडायला बसवलं. गड्यांच्या बोटांना दोर ओढायची सवय, कोळंबी निवडायची नाही. ऊन वर आलं तरी त्यांचे दोन क्रेट झाले नव्हते. हे ऐकून सत्यवती इतकी खूश झाली की तिने सदाला जेवायला थांबवलं.

पण चौथ्या दिवशी विनेश पायाशी आला नाही.

पाचव्या दिवशी आला, पण पायाशी नाही, मिरवायला. गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी प्रज्ञा त्या वेळी सत्यवतीच्या पडवीत मासळी घ्यायला बसली होती. रस्त्यावरून त्याने तिला पाहिलं आणि मोटारसायकल वळवली. शिकलेल्या माणसाच्या तोंडून शाबासकी घ्यावी, असं त्याला वाटलं असणार.

"मॅडम, पाच दिवसांत दोन लिटर वाचलं," तो म्हणाला. "टाकी फुल करून मोजलंय, अंदाजे नाय. आता बोला, एअर ड्रॅग हाय की नाय?"

"आहे ना," प्रज्ञा म्हणाली. "मोकळ्या हौद्यात हवा घुटमळते, झाकणावरून ती सरळ जाते. फरक पडतो, नाही असं नाही. पण तो वेगात पडतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि वेग निम्मा केला की चौथाईवर येतो. तुमची गाडी या रस्त्यावर किती वेगाने जाते?"

"तीस. कधी चाळीस."

"मग हवा तुम्हाला काय अडवणार? तुम्हाला खड्डे अडवतात." ती पिशवीत मांदेली भरून घेत होती. "आणि झाकण बसवलं त्याच दिवशी तुम्ही सात माणसं आणि त्यांच्या पाट्याही उतरवल्यात. म्हणजे चार-पाचशे किलो वजन कमी झालं. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोन लिटर कशाने वाचलं ते तुम्हाला कसं कळलं? असा प्रयोग आठवीतल्या मुलाने लिहून आणला तर मी परत देते."

विनेशचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मॅडम, हे पुस्तकातलं झालं," तो म्हणाला. "फिल्डवर वेगळं असतं." आणि गाडीला किक मारून तो निघून गेला. त्या पाठमोऱ्या पोराकडे सत्यवतीने जे बघितलं, त्यात तिला फार सुख झालं. आठवीतसुद्धा नापास. तिने प्रज्ञाला मूठभर मांदेली वरून जास्त घातली.

"म्हंजे अगदीच चुकला न्हाय तो," प्रज्ञा गेल्यावर नीराबाई म्हणाली. ती उंबऱ्याशी बसून सगळं ऐकत होती. "झाकनानं व्हतं काहीतरी, त्या बोलल्या."

"त्या पियूषच्या गाडीला व्हतं. ह्याच्या न्हाय."

"सत्या, पाचवा दिस गेला गो."

सत्यवती उठून आत गेली. तिला नीराबाईचा राग आला होता, आणि राग येण्याजोगं नीराबाई काहीच बोलली नव्हती, याचा आणखी राग आला.

सातव्या दिवशी तिला राहवलं नाही. मासळी न घेता, नुसतं लुगडं बदलून, ती बसने अलिबागला गेली. बाजाराच्या दारात शिरली आणि थबकली. तिच्या ओट्याला टेकून भक्ती बसली होती. बाहेर गटाराच्या कडेला चार वर्षं बसलेली, रांगेतली पुढची पोरगी. तिची पाटी खाली जमिनीवर होती, ओट्यावर नाही. तिने ओटा मात्र धुऊन ठेवला होता.

सत्यवतीला बघून भक्ती उठून उभी राहिली. "मावशी, बरं नव्हतं का तुमाला?" तिने विचारलं. "बरं नसंल तर तसं सांगा, म्हंजे मोजायचं न्हाय."

एक हो म्हटलं असतं तर भागलं असतं. "मी खडखडीत हाय," सत्यवती म्हणाली.

"मंग उद्या आठवा," भक्ती म्हणाली. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. दस्तूर होता तो तिने सांगितला, आणि सत्यवतीने तरुणपणी दुसऱ्या एका म्हातारीला तो असाच सांगितला होता.

तेवढ्यात, गड्यांच्या निवडण्यापायी उशीर झालेली, पिकअप लागली. विनेशने कुलूप काढलं, झाकण वर केलं, आणि हॉटेलवाला प्रणय पुढे झाला. या खेपेला त्याने हात घातलाच नाही. क्रेटमध्ये नुसतं डोकावला आणि मागे सरला.

"सात दिवस झाले, मी हा चिखल बघतोय," तो म्हणाला. "त्या बायका कुठायत तुझ्या?"

"कुठल्या बायका?"

"तुझ्या गाडीतून यायच्या त्या. माल कोण निवडायचं, तू? येताना निवडत यायच्या त्या, गाडीतच. अख्ख्या बाजाराला माहीत आहे. गाडीतून उतरायच्या तेव्हा त्यांचे हात कधी बघितले नाहीस का? कोपरापर्यंत खवले असायचे."

विनेशने सदाकडे पाहिलं. सदाने आभाळाकडे पाहिलं. मग विनेशची नजर फिरत फिरत दुसऱ्या ओट्यापाशी आली आणि तिथे उभ्या असलेल्या काकीवर थांबली. सत्यवतीने नजर हलवली नाही. एवढ्यासाठी तिने सात दिवस काढले होते. तिने त्याला पायाच्या नखापासून केसांपर्यंत सावकाश बघून घेतलं आणि ती बाजाराबाहेर पडली. बसमध्ये तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

संध्याकाळी तो आला. हर्षदने झाकण खोलून बंदरावर पालथं टाकलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं होतं, म्हणून सातही जणी सत्यवतीच्या अंगणात आधीच जमल्या होत्या. विनेश पायरीवर बसला. माफी वगैरे मागण्याचं त्याच्या मनात नव्हतं.

"मला सांगायचं ना काकी," तो म्हणाला. "मला काय स्वप्न पडणार? उद्यापासून बसा सगळ्या. आणि निवडायचे रोजचे पैसे देईन. त्या दोन गड्यांना चार दिवस दिलेच ना, एवढं करून त्यांना येत पण नाय. त्यांना देत होतो तेवढे एकेकीला."

"आमी तुझ्या मजुरनी न्हाय," सत्यवती म्हणाली. "तुझ्या बापाशी ठरलंय तसं चालंल. आमी निवडू, तू भाडं घ्यायचं न्हाय."

"थांब गो जरा," नीराबाई म्हणाली.

नीराबाईने सत्यवतीचं बोलणं मध्ये तोडलं होतं. तिने विनेशला विचारलं, "पैशे देशील, आनि त्यातनं भाडं कापशील?"

"भाडं कशाचं?" विनेश म्हणाला. "कामावर माणूस न्यायचं तर त्याच्याकडून भाडं घेतात का कधी?"

तो हे अगदी सहज बोलला. ज्या डोक्याने वाऱ्याचा हिशेब चुकवला होता त्याच डोक्याने बोलला, आणि यात चूक काढायला सत्यवतीला काही सापडलं नाही. नीराबाई जमिनीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

"अठ्ठावीस वरसं," ती शेवटी म्हणाली. "ह्यातला एकबी रुपया आमाला भेटला न्हाय. सत्या, रामानं कंदी ईचारलं न्हवतं पैशाचं?"

"न्हाय," सत्यवती म्हणाली.

ती रात्रभर जागी होती, असं म्हणता येणार नाही. ती झोपली. पण झोपण्याआधी तिला रामा दिसला, तरणाताठा, नवी पिकअप घेतलेला, बंदरावर उभा. वैनी, सातजणी निवडता, तर रोजचं काहीतरी देत जाईन, तो म्हणाला होता. आणि ती म्हणाली होती, आम्ही काय तुझ्या हाताखालच्या? घरातली आहोत, भाडं घेऊ नकोस म्हणजे झालं. घरातली ती एकटी होती. बाकीच्या सहा जणींना तिने विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे येऊन तिने सांगितलं की मी भाडं माफ करून घेतलं, आणि त्यांनी तिचे हात धरले होते. त्या वेळी नीराबाईचा नवरा नुकताच बुडाला होता.

आठव्या दिवशी पहाटे सात जणी पिकअपमध्ये चढल्या. सत्यवती टपाच्या मागे, बरोब्बर मधोमध बसली. हौद्यात तेवढीच एक जागा अशी होती की गाडी सुटली तरी तिथे वारा लागत नसे. ती जागा तिची. थंडीतसुद्धा कुणी तिथे बसलं नव्हतं, आणि तिने कधी कुणाला बसवलं नव्हतं. गाडी सुटली, हात क्रेटांत गेले. विनेशने हजेरीसाठी सदाकडे नावं लिहून दिली होती, त्यात सात नावं होती आणि सातवं तिचं होतं.

वाटेत चोंढी गावाच्या अलीकडे सत्यवती बोलली. गळा साफ न करता, कुणाकडे न बघता, जसं घडलं तसं तिने सांगितलं. रामाने विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुम्हाला विचारलं नाही. काल खोटं बोलले.

नीराबाईच्या हातात ढोमा होता, तो तिने क्रेटमध्ये ठेवला आणि मान वर करून सत्यवतीकडे पाहिलं. पायाच्या नखापासून केसांपर्यंत, सावकाश. त्यात राग नव्हता. राग असता तर सत्यवतीला उत्तर देता आलं असतं. चेपून काळी पडलेली कोळंबी बाजूला टाकायच्या आधी माणूस बघतो तेवढंच ते बघणं होतं.

"माझी दोन पोरं त्या वरसांत शाळंतनं काढली मी," नीराबाई म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

अलिबाग आलं. एरवी सत्यवती आधी उतरायची आणि बाकीच्या तिच्या मागून चालायच्या. आज त्या सहा जणी उतरल्या, पाट्या डोक्यावर घेतल्या आणि निघून गेल्या. तिची पाटी सदाने उचलून दिली. ओट्यापाशी भक्ती उभी होती. सत्यवतीची भरलेली पाटी पाहून तिने आपली पाटी उचलली.

"वाचला गो मावशी तुमचा ओटा," ती म्हणाली आणि परत बाहेर गटाराकडे गेली.

सत्यवती ओट्यावर बसली. मासळी मांडली, विकली, भाव पाडून मागणाऱ्या दोघांना तिने नेहमीप्रमाणे झिडकारलं, पण त्यात तिचं मन नव्हतं. समोरच्या टोकाला नीराबाई आपल्या ओट्यावर बसली होती, आणि दिवसभरात तिने एकदाही इकडे पाहिलं नाही.

दुपारी गाडी परत निघाली तेव्हा टपामागची जागा रिकामीच होती. तिथे कुणी बसलं नाही आणि तिला कुणी बस म्हणालंही नाही. सत्यवती सगळ्यांत शेवटी चढली आणि फाळक्याला पाठ लावून, जिथे वारा सगळ्यांत जास्त लागतो, तिथे बसली.